हळू आवाजातलं गाऱ्हाणं

काजरघळीत हत्ती आला, हे सगळ्यात शेवटी कळलं ते मनस्वीला. आणि ही गोष्ट तिच्या मनाला फार लागली.

लागणारच. अख्ख्या गावात पाळत ठेवणारी ती एकटी. विहिरीचा कठडा, विजेची लोंबती तार, मागीलदारच्या लाकडांत दडलेलं फुरसं, पोराच्या घशात अडकेल अशी फणसाची आठळी, सगळ्यावर तिचा डोळा. चार वर्षांच्या लेकीला, आरोहीला, अंगणातल्या खळ्यात सोडायच्या आधी ती खळं नजरेनं एकदा झाडून घेई. रत्नागिरीच्या कॉलेजातून बीएस्सी झालेली, वाचणारी बाई ती. धोका कुठून कुठून येईल, याचा तिनं सगळ्या बाजूंनी विचार करून ठेवला होता. त्यात हत्ती नव्हता. राजापूर तालुक्यात राहून हत्तीचा विचार कोण करून ठेवतो?

आणि तो आला तोही मुंबईच्या चाकरमान्यासारखा, मे महिन्यात, फणस पिकल्यावर. पूर्वेच्या डोंगरातून पऱ्याच्या, म्हणजे गावच्या ओढ्याच्या, कोरड्या पात्रानं उतरला, खालच्या मळ्यातल्या केळी मोडल्या, एका गडग्याचे चिरे ढकलून वाट केली, लवू गावकारांच्या दारातला पिकलेला फणस तोडून तिथंच खाल्ला आणि उजाडायच्या आत काजूच्या बागेत जाऊन उभा राहिला. मनस्वी तेव्हा आरोहीच्या कपाळाला हात लावून ताप नाही ना, हे बघत होती. ताप नव्हता. तो कधीच नसे.

दुसऱ्या गावात पळापळ झाली असती. काजरघळीत बैठक झाली.

प्रश्न मानाचा होता. गावात प्रत्येक गोष्टीचा मान ठरलेला. होळीला पहिला नारळ कुणाचा, पालखीला पहिला खांदा कुणाचा, सगळं पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं. पण हत्ती आला तर त्याचं स्वागत कुणी करायचं, हे कुणी ठरवून ठेवलं नव्हतं. साक्षात गणपती आपल्या पायांनी चालत आलाय म्हणजे पहिला मान देवळाचा, असं विठू गुरवाचं म्हणणं. विठू गुरव म्हणजे जाकादेवीच्या देवळात गाऱ्हाणं घालणारा माणूस. त्याचा आवाज असा, की तो गाऱ्हाणं घालायला उभा राहिला की पलीकडच्या वाडीतले लोक घरात बसून "व्हय महाराजा" म्हणत. लवू गावकारांनी त्याचं सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे सांगितलं, की पावण्यानं पहिला फणस माझ्या दारचा खाल्लाय. मान कुणाचा ते पावण्यानंच ठरवलंय, त्यात आता गुरवानं पडू नये.

शेवटी दोघांनी मिळून एका सुपात नारळ, गूळ, केळ्यांचा घड असं ठेवून ते काजूच्या बागेच्या कडेला नेऊन ठेवायचं ठरलं. बायकांच्या बाजूनं मनस्वी उठून म्हणाली, की जंगली जनावराला खायला घालू नये, सवय लागते. लवूआबांनी तिच्याकडं मायेनं बघितलं.

"सूनबाय, दारी आलेल्याला उपाशी धाडायची रीत काजरघळीत नाय."

सूप गेलं. संध्याकाळी बघायला गेले तर केळी नव्हती, गूळ नव्हता, सूपही नव्हतं. गाव कृतकृत्य झालं. दुसऱ्या दिवशी पावणा स्वतःच देवळाच्या स्वैपाकघराशी आला आणि आत आणखी काही आहे का, हे बघायला त्यानं दार चौकटीसकट काढून बाजूला ठेवलं.

तेव्हा कुठं वनखात्याला फोन गेला.

वनरक्षक म्हणून आली ती दीक्षा तांबे, शेजारच्याच गावची पोरगी. पायांत बूट, डोक्याला टोपी, चेहऱ्यावर चार रात्री न झोपल्याची कळा. तिनं देवळासमोर सगळ्यांना बसवलं आणि चिडचिड न करता सगळं समजावलं. देशात हत्ती किती थोडे उरलेत, आपल्या कोकणात तर हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढेच फिरतात. हा वाट चुकलेला नाही, वाट शोधतोय. पऱ्यानं वर घाटाच्या जंगलात निघून जाईल, आपण जाऊ दिलं तर. त्यासाठी तुम्ही काही मोठं करायचं नाही, म्हणाली. पिकलेले फणस उतरवा, केळीचे घड कापून घ्या, मीठ-तांदूळ-गूळ आत ठेवा, पऱ्याकडचे दिवे बंद करा, फटाके लावू नका, जवळ जाऊ नका, आणि फोटो काढून गावाच्या नावासकट कुठं टाकू नका, नाहीतर गाड्या भरून माणसं येतील आणि त्याला निघायला वाटच राहणार नाही.

"आणि नाही गेला तर?" मनस्वीनं विचारलं.

दीक्षा तिच्याकडं वळली. घरात शिरून खायची एकदा सवय लागली, की कधीतरी माणूस मध्ये येतो. माणूस गेला की मग आमच्या हातात राहत नाही, वहिनी. बेशुद्ध करून पकडावं लागतं. पुढचं सगळं आयुष्य छावणीत, साखळीला.

मांडीवरच्या आरोहीनं हे नीट ऐकलं. "आपल्या मोत्यासारखी साखळी?" तिनं विचारलं. मोत्या म्हणजे दारातला कुत्रा. त्या रात्री मनस्वीच्या काळजीला दोन तोंडं फुटली. एक नेहमीचं, आरोहीचं. ज्या खोलीत आरोही झोपे तिची भिंत मागीलदारी होती, आणि मागीलदारापासून पऱ्या हाकेच्या अंतरावर. दुसरं तोंड नवीन होतं: त्या एवढ्या मोठ्या पायातली साखळी. दोन्हीला उपाय एकच होता. हत्तीला काजरघळीत खायला काहीही मिळता कामा नये.

जाता जाता दीक्षा आणखी एक बोलून गेली. हा तरुण नर आहे, वयात आला की ते कळप सोडतात, आपली जागा शोधत फिरतात. ते ऐकून मनस्वीची सासू सगुणा हळहळली. "म्हणजे आमच्या रितेशसारखा," ती म्हणाली. मनस्वीचा नवरा रितेश मुंबईत कुरिअर कंपनीत होता, वर्षातून दोनदा येई. "आईस बरं वाटत नसंल त्याच्या." या बोलण्याकडं तेव्हा कुणी लक्ष दिलं नाही. लक्ष द्यायला हवं होतं, आणि ते काम खरं तर मनस्वीचं होतं.

पण मनस्वी फणसांच्या मागं लागली होती. काजरघळीत फणस उतरवायला लावणं सोपं नाही. झाडावर लटकणारा फणस म्हणजे घराची शोभा, येणाऱ्या मुंबईकरासाठी राखलेला. "पिकला की काढू" हे उत्तर प्रत्येक घरी तयार. मनस्वीनं दोन घरी हत्तीचं महत्त्व सांगून बघितलं. दोन्हीकडं चहा मिळाला, फणस झाडावरच राहिले. मग तिनं वेगळी वाट धरली. विठू गुरवाच्या दारात बसून ती सहज म्हणाली, की गावाच्या रक्षणाचं काम म्हटल्यावर सुरुवात लवूआबांनीच केली, मान त्यांचाच ना. लवूआबांनी अजून फणस काढायची आकडीसुद्धा हातात घेतली नव्हती. पण तासाभरात गुरवाच्या झाडावर एक फणस शिल्लक नव्हता, आणि ते कळताच लवूआबा सत्तरीत स्वतः शिडी लावून झाडावर चढले आणि त्यांना उतरवायला चार माणसं लागली.

नंतरचे दिवस काजरघळ फणसावर जगली. सकाळी गऱ्यांची भाजी, दुपारी आठळ्यांची आमटी, संध्याकाळी सांदणं. खळ्याखळ्यात फणसपोळीची साटं वाळत पडली, तीही दिवस मावळायच्या आत उचलून डब्यात, कारण मनस्वी बघायला येई. एक टेम्पो राजापूरच्या बाजारात गेला आणि अर्धा भरलेला परत आला. तिथंही फणसाचे दिवस होते. पोरांची पोटं बिघडली. मनस्वी दिसली की बायका घरातून ओरडून सांगत, "फणसाच्या इन्स्पेक्टरबाई, मागं एक कोवळा आहे, तो तरी ठेवू का?" मनस्वी मागं जाऊन बघे आणि म्हणे, "नको."

रितेशचा मुंबईहून फोन आला. हत्ती आलाय हे खरं का, एक फोटो पाठव. मनस्वी म्हणाली, पाठवणार नाही, तुझ्या ऑफिसच्या ग्रुपवर जाईल. रितेश म्हणाला, नवरा आहे मी. मनस्वी म्हणाली, म्हणूनच.

आणि हत्ती दिसेनासा झाला. पऱ्याच्या वाळूत पावलं उमटत, पण ती वाडीकडं वळत नसत. हळूहळू वरच्या अंगाला सरकत होती. दीक्षा फोनवर म्हणाली, आता जाईल असं वाटतंय. मनस्वीला चार घास गोड लागले, फणसाचे असूनही.

मग एका सकाळी ती मागीलदारी गेली आणि जागीच थिजली.

चुलीच्या राखेत पाऊल. परातीएवढं. शेजारी फणसाची सालं-चारखंडं, स्वच्छ खाल्लेली. पावलापासून आरोहीच्या खोलीची भिंत तिच्या हाताला लागेल इतक्या अंतरावर होती.

आधी ती आत जाऊन झोपलेल्या आरोहीला हात लावून आली. मग संतापली. संशय पहिला लवूआबांवर, मग गुरवावर, मग मुंबईहून आलेल्या पोरांवर. दिवसभर ती गावभर लोकांच्या तोंडांकडं बघत फिरली. संध्याकाळी दमून घरी आली, तर सगुणा आरोहीची वेणी घालत होती. हाताला खोबरेल तेलाचा वास. वेणीला तेल लावतातच. पण हे तेल मनगटापर्यंत होतं, आणि नखांच्या कडांना काळपट चीक. फणस कापताना चीक चिकटू नये म्हणून असं तेल लावून घ्यायची सासूचीच पद्धत. घरात तर आज फणस कापलेला नव्हता. मनस्वीनं आदल्या दिवशीच शेवटचा संपवला होता.

"आई," ती म्हणाली, "कुठं ठेवलेत?"

सगुणानं वेणी पुरी केली, रिबिन बांधली, आरोहीला पुढच्या दारी पिटाळलं. मग म्हणाली, "गवताच्या माचाखाली. कापे आहेत. चांगले गोड."

"तुम्हीच."

"मग काय करू? तू सगळ्या गावाचे फणस उतरवलेस. पोर रोज वासावर येतंय आणि रिकाम्या तोंडानं जातंय, मला ऐकू येतं ना. घर सोडून निघालेलं पोर, त्याला शिदोरी नको? रितेश जातो तेव्हा त्याच्या बॅगेत दोन फणस कोण घालतं? तू त्याला म्हणतेस, वजन होईल. मी घालतेच."

मनस्वीच्या तोंडाशी कॉलेजातलं बरंच काही आलं होतं. ते तिनं गिळलं. सासूच्या शेजारी उंबऱ्यावर बसली.

"आई, रितेशला फणस का देता?"

"का म्हणजे? त्याला घरची आठवण राहावी. परत यावं त्यानं."

"आणि ह्यानं?"

सगुणानं पुढच्या दाराकडं बघितलं. तिथं मोत्याची साखळी खळखळली. मग ती म्हणाली, "ह्यानं परत येता नये, असंच ना?"

"परत आला तर आरोहीच्या खोलीशी येईल. मग त्याला घेऊन जातील."

"शिदोरी न देता धाडायचा म्हणतेस." सगुणाला हे पचत नव्हतं. तिनं हातावरचं तेल पदराला पुसलं, मग पुन्हा पुसलं. "ठीक आहे. पण मग असा चोरासारखा नाय जायचा तो. देवीला सांगून जाईल. गाऱ्हाणं घाला त्याच्यासाठी. माझ्या मनाला तेवढं तरी बरं वाटू दे."

माचाखालचे फणस त्याच संध्याकाळी गायीच्या गोठ्यात गेले. सगुणा गायीसमोर उभी राहून, हे खरं कुणासाठी होते ते तिला सांगत होती.

गाऱ्हाण्याला विरोध कुणाचा नव्हता. उलट एवढे दिवस हे कुणाला सुचलं कसं नाही, असंच सगळ्यांना वाटलं. दिवस मावळायच्या सुमारास सगळं गाव देवळात जमलं. देऊळ पऱ्याच्या काठावर. सभामंडपातून खालचं पात्र सरळ दिसे. लवूआबा पुढं उभे. त्यांच्या खिशातून सुतळी बॉम्बचं टोक बाहेर आलेलं मनस्वीला लांबून दिसलं. तिनं हात पुढं केला. "असू दे की, आपला आधाराला," ते म्हणाले. तिनं हात मागं घेतला नाही. त्यांनी बॉम्ब दिला, शाळेतल्या पोरानं खिशातली बोरं बाईंना द्यावीत तसा.

विठू गुरवानं नारळ हातात घेतला, छाती भरून घेतली आणि सुरुवात केली.

"बा देवी जाकादेवी महाराजा!"

"व्हय महाराजा!" गाव गरजलं. देवळावरचे कावळे उडाले.

"आज ही जी सगळी तुझी लेकरं इथं उभी राहिलीत—"

आणि गुरव थांबला. तोंड उघडं, नारळ वर. त्याची नजर सगळ्यांच्या डोक्यांवरून खाली पऱ्याकडं गेलेली. गाव मागं वळलं.

तो पात्रात उभा होता. धुळीनं लाल झालेला, कातळाचाच एक भाग सुटून आल्यासारखा. कान पसरलेले. देवळाच्या पायऱ्या आणि तो, यात मध्ये फक्त एक गडगा. पुढं वर जंगलाकडं जाणारी वाट होती, आणि ती देवळाला घासून जात होती.

मनस्वीच्या कडेवर आरोही होती. मनस्वीच्या पायांना पळायचं होतं, घशाला किंचाळायचं होतं. तिला दिसत होतं, की एक माणूस पळाला की सगळे पळतील, पोरं पायाखाली येतील, तो बिथरेल, आणि मग साखळी. आणि दुसरंही दिसत होतं: हात वर धरलेला विठू गुरव. अर्धं गाऱ्हाणं सोडता येत नाही. सोडलं तर वर्षभर गावात जे काय वाकडं होईल ते त्याच्या माथी. तो आता पुढचं वाक्य म्हणणार होता, आणि आयुष्यात तो एकाच आवाजात बोललेला होता.

"विठूकाका," ती पुटपुटली, "म्हणा. पण आरोही झोपलीय असं समजून म्हणा."

गुरवानं तिच्याकडं बघितलं. घसा खाकरायला गेला, तोही अर्ध्यावर आवरला. मग त्या माणसाच्या आतून, कुठून कोण जाणे, एक बारीक, फाटका, अंगाईसारखा आवाज निघाला.

"ही जी तुझी लेकरं इथं उभी राहिलीत, महाराजा..."

"व्हय महाराजा," गाव कुजबुजलं. वाळलेल्या पानांतून वारा जावा तसं.

"तुझ्या गावात जो पावणा आलेला आहे, त्याचं दर्शन आमाला झालं, आमचे फणस खाऊन झाले..."

"व्हय महाराजा."

"आता त्याला त्याची वाट दाव, महाराजा. वाटेत कुणाचा दिवा, कुणाचा फटाका, कुणाचा मोबाईल आडवा येऊ देऊ नको."

एका मुंबईकर पोराचा हात खिशातल्या मोबाईलवरून हळूच खाली आला. "व्हय महाराजा."

"आणि आमच्यातल्या कुणी जाणता-अजाणता मायेपोटी काय ठेवलं-दिलं आसंल, तर त्याला क्षमा कर."

"व्हय महाराजा." यात एक आवाज बाकीच्यांपेक्षा थोडा मोठा होता. तो सगुणाचा. म्हणजे गुरवाला माहीत होतं. म्हणजे सगळ्या गावाला माहीत होतं आणि फणसाच्या इन्स्पेक्टरबाईंना तेवढं शेवटी कळलं होतं, पुन्हा एकदा.

खाली हत्तीनं एक पाऊल टाकलं. आणखी एक. गडग्याला अंग घासत तो देवळाखालून निघाला. त्याचा श्वास ऐकू येत होता. गुरवानं शेवटचं म्हटलं, जाईल तिथं सुखी ठेव, आणि गावानं ओठ उघडले. पण त्याच्या आधी आरोही सगळ्या गावाच्या वतीनं, खणखणीत आवाजात म्हणाली,

"व्हय महाराजा!"

हत्ती थांबला. मनस्वीनं पोरीचं डोकं खांद्यात दाबून धरलं. कुणीही हललं नाही. लवूआबांचे डोळे मिटलेले होते. हत्तीनं सोंड उचलली, देवळाच्या दिशेला वास घेतला. सबंध गावाच्या हातातोंडाला आठवडाभर फणसाचा वास होता, पण फणस मात्र कुठंच नव्हता. मग त्यानं पात्रातली धूळ उचलून अंगावर उडवली आणि वर जंगलाकडं चालू लागला. वळणावर त्याची पाठ दिसली, मग तीही दिसेना.

गुरवानं नारळ खाली ठेवला. "लय कठीण," तो म्हणाला, आणि ते हत्तीबद्दल नव्हतं. पुढचे कितीतरी दिवस तो घरात हळू बोलायचा प्रयत्न करत होता आणि बायको त्याला दवाखान्यात चला म्हणत होती.

दीक्षाचा फोन काही दिवसांनी आला. वरच्या दाट जंगलात शिरलाय, पाण्याजवळ आहे, खाली यायचं नाव नाही. मनस्वीनं ते सासूला सांगितलं. सगुणानं विचारलं, तिथं फणसाची झाडं आहेत का? मनस्वी म्हणाली, असतील, रानची. "मग ठीक," सगुणा म्हणाली आणि मागीलदारची राख झाडायला गेली.

त्या रात्री रितेशनं व्हिडिओ कॉल लावला. आता तरी फोटो पाठव म्हणाला. मनस्वीनं गावात विचारून बघितलं होतं. एकाही माणसाकडं फोटो नव्हता.

"एवढा हत्ती आला आणि एक फोटो नाही? मग आला होता याला पुरावा काय?"

मनस्वीनं फोन ओटीकडं वळवला. ओटीवर साटांचे डबे एकावर एक, तुळईला आठळ्यांची गाठोडी, खुंटीला वाळलेल्या गऱ्यांच्या पिशव्या, आणि मधोमध लवूआबांनी मानाचा म्हणून पाठवलेला, कुणालाच नको असलेला एक कोवळा फणस.

"हा पुरावा," ती म्हणाली. "रजा काढून ये आणि संपव."

आतून सगुणाचा आवाज आला, "येताना रिकामी बॅग आण म्हणावं."